न विझणारं कंपन

४ मार्च, सोमवार

आलो एकदाचे. सामानाच्या गाडीवाल्याने कपाट दारात आडवं घातलं आणि तो घाम पुसत उभा राहिला, तेव्हा आईंनी खुर्चीत बसल्या बसल्या त्याला विचारलं, बाबा रे, स्वतःचं बिऱ्हाडही असंच हलवतोस का? तो असा वरमला, की उरलेलं सामान त्याने काचेचं असल्यासारखं उतरवलं.

दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि मागे कपडे वाळत घालण्याइतकं अंगण. भिंतींना नव्या रंगाचा वास आहे. स्वयंपाकघराच्या खिडकीतून माझी कामाची जागा दिसते, निळ्या पत्र्याच्या दाराची चाचणी शेड. हे घर म्हणजे पूर्वी शेडचंच गोदाम होतं म्हणे, त्यामुळे दोन्ही एकाच काँक्रीटच्या पायावर उभी आहेत. डबा न्यायचीसुद्धा गरज नाही. आई म्हणाल्या, तू नुसतं खिडकीत येऊन तोंड उघड, मी घास टाकते.

आई म्हणजे माझ्या सासूबाई. गेल्या वर्षी माझा नवरा गेला, त्यांचा एकुलता एक मुलगा. एका साध्या सकाळी जिना उतरताना खाली बसला तो उठलाच नाही. तेव्हापासून आम्ही दोघीच. लोकांना वाटलं होतं, आता सून तिच्या वाटेने जाईल आणि सासू तिच्या. पण त्याच्या आठवणी दोघींकडे अर्ध्या अर्ध्या होत्या. शाळेतला तो त्यांच्याकडे, नंतरचा माझ्याकडे. वेगळं राहून कसं चालणार?

तो गेला त्याच आठवड्यात आईंचा उजवा हात थरथरायला लागला, तो अजून थांबलेला नाही. डॉक्टर म्हणतात, वयाचा कंप. चहा कपात कमी आणि बशीत जास्त. आज बशीकडे बघत मला म्हणाल्या, तू कंपनं मोजायचा पगार घेतेस ना, मग घरी फुकट ओव्हरटाइम कर. पुष्कळ दिवसांनी दोघी खळखळून हसलो. वाटतं, इथे आपलं बरं चालेल.

७ मार्च, गुरुवार

आमचं काम सांगायला सोपं आहे. पंप असो, जनित्र असो, कपडे धुण्याचं यंत्र असो, जे फिरतं ते थरथरतं. ती थरथर जमिनीत उतरू नये म्हणून त्यांच्याखाली स्प्रिंगा आणि रबराचे पाय बसवतात. ते पाय किती कामाचे, हे आम्ही तपासतो. शेडच्या मधोमध चार स्प्रिंगांवर ठेवलेलं एक जाड लोखंडी मेज आहे. सगळे त्याला लादी म्हणतात. लादीच्या पोटाखाली डॅम्पर, म्हणजे घट्ट तेलाने भरलेलं नळकांडं आणि त्यात वरखाली होणारा दट्ट्या. स्प्रिंग आणि वजन मिळून हलत राहायला बघतात आणि डॅम्पर ते हलणं गिळतो. गिळलेलं हलणं तेलात शिरून ऊब होतं. लादीला रबरी हातोड्याचा एक ठोका दिला की पडद्यावर लाटांची रेघ उमटते. आधी मोठ्या लाटा, मग लहान, मग आणखी लहान, शेवटी सरळ रेघ. ती सरळ झाली की फिटर ओरडतो, विझलं!

या फिटरला सगळे गप्पू म्हणतात, कारण तो कधीच गप्प नसतो. मोजणीच्या आधी तो खांब! अशी आरोळी ठोकतो आणि जो जिथे असेल तिथे खांबासारखा उभा राहतो. कुणी नुसतं चाललं तरी रेघेत दिसतं. नव्या माणसाने पहिल्या दिवशी लादीवर उडी मारायची आणि त्याची रेघ छापून भिंतीवर लावायची, ही इथली हजेरी. माझीही लावली. साहेबांच्या रेघेकडे बोट दाखवून गप्पू म्हणाला, बघा मॅडम, अगदी आपल्या पगारवाढीसारखी, आधी नुसता गाजावाजा आणि मग सपाट. साहेब मागेच उभे होते.

मला या कामाचा लळा आहे, कारण यात सगळं हललेलं कधी ना कधी स्थिरावतं, आणि किती लवकर स्थिरावेल ते गणिताने सांगता येतं. तो गेल्यावर मी असंच स्वतःचं गणित मांडून पाहिलं होतं. उत्तर आलं नाही.

जेवताना तो उजवा गुडघा हलवायचा. सारखा. पेल्यातलं पाणी थरथरायचं, चमचे वाजायचे. आई ओरडायच्या, अरे, जेवतोयस की शिलाई मशीन चालवतोयस? एकदा मी गंमत म्हणून मेजाखाली सेन्सर चिकटवला आणि जेवण झाल्यावर त्याला सांगितलं, तुझा गुडघा सेकंदाला पाच वेळा हलतो. तो महिनाभर सगळ्यांना सांगत सुटला होता, माझ्या बायकोने माझी वारंवारता काढलीय. ऐकण्यासारखं काही कानावर पडलं की मात्र गुडघा एकदम थांबायचा. ऐकून झालं की पुन्हा सुरू.

१२ मार्च, मंगळवार

आज जेवणाच्या सुट्टीत आई लादी बघायला आल्या. गप्पूने त्यांना खुर्ची दिली, पाणी दिलं आणि म्हणाला, आजी, हजेरी लावल्याशिवाय सुटका नाही, पण उडी नको, नुसता हात ठेवा. आईंनी थरथरता हात लादीवर टेकला. पडद्यावर बारीक, सुबक लाटा उठल्या. गप्पू म्हणाला, आता साहेबांना सांगतो, नवं यंत्र घेऊ नका, आजींनाच नोकरीवर ठेवा.

आईंनी हात बराच वेळ काढला नाही. गार लोखंड, बरं वाटतंय म्हणाल्या.

संध्याकाळी त्यांनी सुईत दोरा ओवला. पहिल्याच प्रयत्नात! मग हात माझ्यासमोर धरून म्हणाल्या, अगं, बघ तरी. हात स्थिर होता. वारा पडल्यावर पिंपळाचं पान थांबावं तसा. आम्ही दोघी त्या हाताकडे बघतच बसलो. मग त्यांनी माझ्या सगळ्या शर्टांची बटणं काढून पुन्हा शिवली, धडधाकट होती तीसुद्धा.

१४ मार्च, गुरुवार

लादी विझत नाही. ठोका न देताही रेघेत एक बारीक थरथर आहे. पंप बंद केला, पंखे बंद केले, बाहेरचा रस्ता रिकामा होईपर्यंत थांबलो. गप्पू चार वेळा खांब! म्हणून ओरडला, शेवटी वैतागून म्हणाला, मॅडम, आता श्वासच बंद करायचा राहिलाय. साहेबांचं म्हणणं, डॅम्परचं तेल पातळ झालं असणार, नवं घट्ट तेल मागवतो.

सकाळी मी नळकांड्याला हात लावला तेव्हा ते कोमट होतं. रात्रभर कुणी लादीला हात लावलेला नव्हता. कपाळावर ठेवलेल्या तळव्याइतकी ऊब.

१८ मार्च, सोमवार

हे लिहिताना मलाच वेडगळ वाटतंय. जेवणाच्या सुट्टीत एकटीच होते. त्या थरथरीची वारंवारता काढली. पाच. पाच तर कशाचीही असू शकते, पंपाची, दूरच्या एखाद्या इंजिनाची. मग लक्षात आलं की मधूनच ती थांबते. नेम नाही, कधीही. यंत्र असं थांबत नाही.

लादीवर वाकून मी हळूच म्हटलं, आईंनी माझ्या धड शर्टांचीसुद्धा बटणं पुन्हा शिवली.

रेघ थांबली. माझं बोलून होईपर्यंत थांबून राहिली. मग पुन्हा सुरू झाली, जरा जोरात. हसू दाबताना त्याचा गुडघा असाच जोरात हलायचा.

मी तिथेच फरशीवर बसून रडले. वर्षभर रडले होते ते वेगळं. हे रडणं कुणीतरी ऐकत असल्याचं होतं.

२० मार्च, बुधवार

थरथर क्षीण असेल तर यंत्र तिच्याशी जुळवून घ्यायचं आणि आड येणारा डॅम्पर सैल करायचा. इतकी वर्षं मी हेच करत आलेय. आज तेच केलं. साहेब बाहेर होते. डॅम्परची तोटी उघडून तेल काढलं. लादीवर वजनं ठेवत आणि उचलत तिची स्वतःची लय त्याच्या लयीवर आणली. झोपाळ्याला त्याच्याच लयीत बोटाने ढकललं तरी तो उंच जातो.

दुपारपर्यंत थरथर हाताला कळायला लागली. डबा लादीवरच उघडला. पेल्यातलं पाणी हललं. चमचा डब्याच्या कडेवर वाजला, किणकिणकिण. मी भाजी खारट झाल्याची तक्रार केली. चमचा थांबला.

वर्षभरात पहिल्यांदा मी पोटभर जेवले.

२५ मार्च, सोमवार

आईंना सांगावं की नाही, याचा फार विचार केला. पण अर्धा तो त्यांचा आहे. आज त्यांना घेऊन गेले. नुसता पाण्याचा पेला लादीवर ठेवला. आई पाण्याकडे बघत राहिल्या. मग अगदी त्याच सुरात म्हणाल्या, अरे, जेवतोयस की शिलाई मशीन चालवतोयस?

पाणी थांबलं. मग असं उसळलं की पेल्याबाहेर सांडलं.

मला वाटलं होतं आई रडतील. त्या रडल्या नाहीत, हसल्याही नाहीत. बसून राहिल्या, हात मांडीवर. घरी येताना पाय उचलायला त्यांना फार वेळ लागला. दगडी झालेत गं पाय, म्हणाल्या. जेवल्या नाहीत.

२८ मार्च, गुरुवार

हात थांबला तेव्हा आम्ही आनंद केला होता. आता मानही थांबलीय. बोलताना आई मान हलवायच्या, बोटांनी पदराशी चाळा करायच्या, बसल्या जागी पाय हलवायच्या. त्याने ती खोड कुणाकडून उचलली होती ते मला आज कळलं. आता काहीच हलत नाही.

सकाळी त्यांच्या उघड्या डोळ्यावर माशी बसली. चालत बुबुळापर्यंत गेली. पापणी लवली नाही. मी ओरडून माशी हाकलली, तेव्हा आई फार लांबून आल्यासारख्या म्हणाल्या, काय झालं गं?

शेडमध्ये लादी आता डोळ्यांना दिसेल इतकी हलते. गप्पू तिच्याजवळून जात नाही. म्हणाला, मॅडम, मी बोलायला लागलो की ही थांबते. आयुष्यात पहिल्यांदा कुणी माझं ऐकतंय, आणि मला ते नकोय.

जो प्रश्न मी पहिल्याच दिवशी विचारायला हवा होता तो आज विचारला. हलणं आपोआप वाढत नाही. कुठून तरी यावं लागतं. कुठून येतंय?

खिडकीतून मी निळ्या दाराकडे पाहिलं. मग पायाखालच्या काँक्रीटकडे. मग आईंकडे.

२९ मार्च, शुक्रवार

आज लादीपाशी जाऊन विनवलं. अरे, तुझी आई आहे ती. रेघ थांबली. ऐकलं. आणि पुन्हा सुरू झाली, तशीच, मजेत.

तो असता तर आईंचा घोटभर चहाही त्याने आपल्याकडे ओढला नसता. लादीत जे आहे ते तो नाही. त्याची सवय आहे. सवयीला माया नसते. आणि तरीही माझा हात लादीवरून निघत नव्हता.

१ एप्रिल, सोमवार

मी ठरवलं होतं की आज मीच डॅम्पर भरीन. मी शेडवर पोचायच्या आतच साहेबांनी नवं घट्ट तेल भरून घेतलं. लादी संथ झाली. गप्पू ओरडला, विझतंय, विझतंय! मी डोळे मिटून उभी होते. मनात त्याला म्हणत होते, जा आता.

मग घराकडून खुर्ची पडल्याचा आवाज आला.

आई फरशीवर. श्वास नाही. छातीला कान लावला तर एक ठोका, मग कितीतरी वेळ काही नाही. लादीबरोबर त्याही विझत होत्या.

मी धावत परत गेले, साहेबांना ढकललं, तोटी उघडली. तेल माझ्या पायांवर सांडलं. लादी हलायला लागली आणि घरातून आईंचा श्वास ऐकू आला, गुदमरून वर आल्यासारखा.

साहेबांनी मला रजा दिली आहे, तेल भरणंही तूर्त थांबवलंय. ते ओरडले नाहीत, हळू आवाजात बोलले, त्याचीच जास्त भीती वाटली.

४ एप्रिल, गुरुवार

डॉक्टर येऊन गेले. हृदय फार संथ आहे म्हणाले. इस्पितळात नेऊ या म्हणाले. अंगणाच्या पुढे नेलं, काँक्रीट संपलं तिथेच आईंचे ओठ निळे पडले. परत आणलं.

तेल भरलं तर दोघं जातात. नाही भरलं तर तो सगळं ओढून घेतो. आई गेल्या की —

नाही.

६ एप्रिल, शनिवार

सुचलं. एका दोरीला दोन झोपाळे बांधले आणि एकाला हलवलं, तर त्याचं हलणं दोरीतून दुसऱ्यात जातं. पहिला थांबतो, दुसरा झुलतो. पण मग ते परत येतं. परत येतंच. दोरी पुरती ताणलेली हवी, एवढंच. इतके दिवस दोरी नव्हती, नुसता गळत जाणारा पाया होता.

आईंचा हात पुन्हा लादीवर ठेवायचा, तीच दोरी. सगळं त्यांच्यात परत आलं, लादी सपाट झाली, की त्याच क्षणी उचलायचा.

त्या क्षणी तो शून्य असेल. उरणार नाही.

आईंना समजावलं. ऐकू गेलं का, कळलं नाही. बुबुळं हलत नाहीत आता.

७ एप्रिल, रविवार

शेड बंद. किल्ली माझ्याकडे. आईंना खुर्चीसकट ओढत आणलं. अंग थंड, पण हलकं. ऊन दारातून आत येतंय, सगळं स्वच्छ दिसतंय. हात लादीवर ठेवला.

—

येतंय. लादी मंदावली. आईंचं बोट हललं, मग मनगट. पापणी. सबंध हात थरथरायला लागला आणि मला इतका आनंद झाला, त्या कंपाचा, ज्याला आम्ही वर्षभर शिव्या घातल्या. त्यांचे पहिले शब्द, तो कुठे गेला?

मी हात उचलायला गेले. त्यांनी दुसऱ्या हाताने माझं मनगट धरलं. म्हणाल्या, एकदा. अगं, एकदाच येऊ दे त्याला.

नाही उचलला.

—

पुन्हा लादी. पेला वाजतोय. मी बोलले, तो ऐकत थांबला. आई दगड.

—

परत आल्या. पण या वेळी पापणी नाही. फक्त बोटं आणि ओठ. दर फेरीला थोडं कमी, दोघांमधलंही. तेल नसलं तरी हवा गिळते, लोखंड गिळतं, हाडं गिळतात. हे मला माहीत होतं. माहीत असून —

पुढच्या फेरीला उचलायचा. त्यांनी कितीही विनवलं तरी.

—

उचलला.

आई श्वास घेताहेत. मोठमोठे. थरथरत्या हाताने मला मारलं त्यांनी, पाठीवर, खांद्यावर. माझ्या पोराला दुसऱ्यांदा घालवलंस, म्हणाल्या. मग माझ्याच कुशीत शिरल्या. किती हलत होत्या. सगळ्या हलत होत्या.

लादी सपाट.

—

जवळजवळ सपाट. आईंना दाराशी उन्हात बसवलंय. पडद्यावर केसाएवढी रेघ आहे अजून. विझेल. आपोआप विझेल. मी हात लावणार नाही.

मला निरोप घेता आला नव्हता, जिन्यावर. मी वर होते. एवढंच सांगायचं —

—

डावा ठेवलाय. उजव्याने लिहितेय. क्षणभरच.

ऊब. वाढतेय. माझ्यातून जातंय ते कळतंय, दुखत नाही. पाय गेले आधी.

आईंनी पाहिलं. धावल्या, त्या, धावल्या. ओढताहेत माझा हात. अगं पोरी उचल, मला तू हवीस, तू, तो नाही. निघत नाहीये. त्यांचा हात केवढा थरथरतोय माझ्या हातावर —

मी म्हणतेय, उचलते हं आई. ऐकू जात नाही त्यांना. ओठ हलले नसतील.

चमचे. सगळे चमचे —

थांबला. ऐकतोय. मी काय सांगते ते ऐकायला थांबलाय. एकच शब्द सांगायचा त्याला. जा. लिहिता येतोय, जा, जा, पण तोंडातून —